विचारून घ्या, लिहून ठेवा

कोल्हापूरच्या पेठांमध्ये अजून अशी घरं आहेत, जिथली आजी साऱ्या गल्लीची 'बाई' असते. सातवी फायनल झाली, शिक्षकीची पी.टी.सी. झाली, पहिली नेमणूक गगनबावड्याकडं नाहीतर राधानगरीच्या एखाद्या आडगावात. ओढ्याला पाणी आलं की मुक्काम शाळेतच. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्डाच्या या बाया जिल्हा परिषदेच्या झाल्या. अठ्ठावन्न पूर्ण झाली की नारळ, शाल, फोटो. पुढचं आयुष्य देवाचं आणि नातवंडांचं. शुक्रवारी अंबाबाई, एकादशीला नंदवाळ, माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे, आणि रोज संध्याकाळी हरिपाठ.

या बायांची वाट आधीच कुणीतरी मळून ठेवली होती. शाहू महाराजांच्या काळात रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शाळांचं काम बघत होत्या. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आमच्या आया त्याचीच पुढची पिढी.

माझी आई त्यांतलीच एक. तिच्या मागून मीही खडू हातात घेतला आणि आता मीही पेन्शनर आहे. आईच्या शेवटच्या वर्षांत आणि तिच्या मैत्रिणींच्या घरी जाता-येता जे शिकायला मिळालं, ते पुढच्या लेकी-सुनांच्या आणि लेकांच्या कानावर घालते. आईचं एक वाक्य वर्गात नेहमी असायचं: परीक्षेच्या दिवशी अभ्यास होत नसतो. मरणाच्या बाबतीतही तिनं तेच धरलं. देवावर भार टाकलेला होता, पण कागद मात्र स्वतः लावून ठेवले होते.

सांगू नका, विचारा

ज्या बाईनं उभ्या आयुष्यात चाळीस-चाळीस पोरांना सांगितलं, तिला म्हातारपणी कुणी सांगितलेलं सोसत नाही. 'आई, गोळी घे' म्हटलं की तोंड फिरवणार. त्यापेक्षा गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात द्या आणि म्हणा, 'ही जेवणाआधीची का नंतरची, जरा बघ गं.' ती चष्मा लावणार, पाकीट उजेडाकडं धरून अक्षरं लावणार, 'आधीची आहे, एवढं कळत नाही?' म्हणून आपल्यालाच झापणार आणि झापता झापता गोळी घेणार.

आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. मुलाला उत्तर हातात देऊ नये, त्याला ते सापडू द्यावं, हा तिथला आग्रह. शिक्षिका असलेल्या आईशी वागतानाही तोच आग्रह धरा. पेन्शनचे पैसे कुठं आहेत असं दरडावून विचारलं तर तिला वाटतं, झडती घेतात. 'मला शिकव, तुझं पासबुक कसं वाचायचं' म्हटलं तर ती दुपारभर शिकवते. पुढं सांगते ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

एक वही घाला

दोनशे पानी, पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये नको; तिच्या पिढीचा विश्वास वहीवर. जमेल तेवढं तिच्याच अक्षरात लिहू द्या, खाली तारीख आणि सही. हात थरथरत असेल तर ती सांगेल, तुम्ही लिहा, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा. शुद्धलेखनाच्या चुका ती काढेलच, काढू द्या.

वहीत काय हवं? बँकेची आणि पतसंस्थेची खाती, ठेवींच्या मुदती, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, विमा, लॉकरची किल्ली, गॅसचं पुस्तक, घरफाळ्याची पावती, भिशीतली बाकी, कुणाला दिलेले आणि कुणाकडून घेतलेले पैसे. डॉक्टरांची नावं, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते.

आणि एक पान नवसांचं. भाविक बाईला पेन्शन अडकल्याचा जेवढा घोर नसतो तेवढा राहिलेल्या नवसाचा असतो. थोरल्याच्या नोकरीसाठी त्र्यंबोलीला काय बोलली होती, नातीच्या आजारपणात नरसोबावाडीला काय कबूल केलं होतं, कुणाची ओटी भरायची राहिली, हे सगळं तिच्या डोक्यात असतं आणि ती ते कुणाला सांगत नाही, कारण पोरांना वेळ नाही हे तिला दिसतं. विचारा, लिहा आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक फेडून टाका. ती येऊ शकत नसेल तर तुम्ही जा, तिच्या हातचे तांदूळ आणि खण घेऊन जा, परत आल्यावर प्रसाद तिच्या हातावर ठेवा. वहीतल्या त्या ओळीवर तिनं स्वतः मारलेली काट तिला झोपेच्या गोळीपेक्षा जास्त शांत झोप देते.

वही आणि कागद कुठं ठेवायचे? कोल्हापुरात याचं उत्तर एकच: उंचावर. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरात पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि खालच्या कप्प्यातल्या सेवापुस्तकांचा, पासबुकांचा लगदा झाला. जाड प्लास्टिकची चेन असलेली पिशवी, माळ्यावर, आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये.

नाव आणि १ जून

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती जन्मतारीख. खरी जन्मवेळ आजीला ठाऊक: पंचमीच्या आदल्या दिवशी, गाई घरी यायच्या वेळेला. तोवर ठीक. पण आधारवर कुणी ती 'खरी' तारीख घातली आणि सेवापुस्तकात १ जून राहिली तर तिथं घोळ सुरू होतो.

नावाचं तसंच. नोकरीला लागली माहेरच्या नावानं, लग्नानंतर सेवापुस्तकात बदल झाला, बँकेत आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, नवऱ्याच्या नावातला 'राव' एकीकडं आहे आणि दुसरीकडं नाही. ती हयात असताना हे एका प्रतिज्ञापत्रानं नाहीतर दुरुस्तीच्या अर्जानं मिटतं. ती गेल्यावर त्याच एका 'राव'साठी वारसांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात, आणि ते जोतिबाचे नसतात. पीपीओ, आधार, पॅन, पासबुक आणि घराची मिळकत पत्रिका एका ओळीत मांडा. पाचही ठिकाणी नाव, आणि जिथं जन्मतारीख आहे तिथं तीही, अक्षर न् अक्षर जुळतेय का ते तिलाच तपासायला सांगा. पेपर तपासायची सवय जात नसते.

नोव्हेंबर चुकवू नका

हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करून यायची, आता जीवन प्रमाण घरबसल्या होतं. आयुष्यभर खडू धरलेल्या आणि भांडी घासलेल्या बोटांचे ठसे म्हातारपणी यंत्रावर उमटत नाहीत. अशा वेळी तिला रांगेत ताटकळत ठेवू नका. फोनवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आहे. फक्त उजेडात बसवा आणि कपाळावरचा पदर जरा मागं घ्या.

वारसाचं आणि मृत्युपत्राचं बोलणं

हे बोलणं काढायचं तर जेवणं झाल्यावर, सगळी भावंडं बसलेली असताना काढा. एकट्यानं काढलंत तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज आधी डोक्यातून काढा. नॉमिनीच्या हातात पैसे विश्वस्त म्हणून येतात, हक्क वारसांचा. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं बाईच्या स्वतःच्या कमाईवर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क असतो. तिच्या मनात वेगळं असेल, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या लेकीला थोडं जास्त किंवा सांभाळणाऱ्या सुनेला काही, तर तिनं ते लिहिलंच पाहिजे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, तिची सही आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या, आणि शक्यतो तिच्यापेक्षा वयानं लहान. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाकावी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, की तिची शुद्ध आणि समज ठीक आहे. पुढचे अर्धे वाद तिथंच मिटतात.

साज तोडू नका

दागिन्यांची वाटणी तिच्या हातानं, ती बसलेली असताना व्हावी. पाटल्या मोजता येतात, बोरमाळ तोलता येते, पण कोल्हापुरी साज वाटता येत नाही. दशावताराची पानं, अष्टमंगलाची पानं, मधलं डोरलं, हे सगळं मिळून तो एक दागिना. तीन लेकींत तीन भाग करायला गुजरीतल्या सोनाराकडं नेलेला साज तिन्ही ठिकाणी नुसतं सोनं होऊन परत येतो. एकीला अख्खा द्या, दुसरींचा हिशोब पैशानं किंवा ठेवीनं भागवा. कुणाला, हे आईला विचारा. बहुतेक आयांनी ते आधीच ठरवलेलं असतं. कुणी विचारत नाही म्हणून त्या बोलत नाहीत.

नेम मोडू नका, वळवा

'या वयात कशाला उपास?' हा प्रश्न करू नका. नेम म्हणजे तिचं वेळापत्रक आहे. ते काढून घेतलं की दिवसाला आकार राहत नाही आणि माणूस अंथरुणाला लागतं. नेम तसाच ठेवा, त्याचा भार तेवढा कमी करा.

नवरात्राचे नऊ दिवस झेपत नसतील तर उठता-बसता उपास करा म्हणावं: पहिला आणि शेवटचा. हे शास्त्राला धरूनच आहे, त्यामुळं ती ऐकते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दिवशी मात्रा काय घ्यायची हे डॉक्टरांकडून आधी लिहून आणा. तो कागद देवघरात लावा, फ्रिजवर नको; तिची नजर देवघराकडं जाते.

अंबाबाईच्या गाभाऱ्यासमोरची रांग झेपत नसेल तर मुखदर्शन घ्या. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस टाळून सकाळी लवकर न्या. जोतिबाला चैत्र यात्रेत नेऊ नका आणि रविवारीही नको. मधल्या वारी डोंगर तिच्या एकटीचा असतो. नरसोबावाडीला घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, तिथं तिचा हात नाही, दंड धरा. हात निसटतो.

देवघर जमिनीवर असेल तर उचलून कंबरेच्या उंचीवर घ्या आणि समोर पाठीची खुर्ची ठेवा. पाटावरून उठताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, यातून कितीतरी बायकांचं शेवटचं आजारपण सुरू होतं. निरांजन आणि समई उजवीकडून काढून समोर, हाताच्या पलीकडं ठेवा. नऊवारी असो की पाचवारी, ओवाळताना पदर खांद्यावरून सुटून ज्योतीवर येतो आणि म्हातारपणी त्वचेला चटका उशिरा कळतो. पदर खोचल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा नियम नातवाला शिकवा आणि आजीवर देखरेख त्याची ठेवा. नातवानं टोकलेलं तिला चालतं.

हातचं मापात उतरवून घ्या

उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. डंकावर कुटून आणलेली ती लाल चटणी म्हणजे इथल्या घराची ओळख, आणि तिचं माप आईच्या मुठीत. 'अंदाजानं घालायचं' हे उत्तर मान्य करू नका. ती जे घालेल ते आधी काट्यावर ठेवा. मिरची किती, त्यात तिखटाची किती आणि रंगाची किती, खोबरं भाजलेलं किती, तीळ, धणे, कांदा तळल्यावरचं वजन, लसूण, आणि मीठ. मिठाची मूठ घेतली की तिचा हात धरून ती मूठ वाटीत सोडायला लावा, मोजा, मग चटणीत टाका. ती वैतागेल, पण हे एका उन्हाळ्यातच होतं. पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही.

गाणी, ओव्या, आरत्यांच्या चाली, पहिलीच्या पोरांना बे एके बे शिकवायची तिची पद्धत, हे फोनवर रेकॉर्ड करा. 'आई, काहीतरी बोल' म्हटलं तर काही येत नाही. एखादं पोर समोर बसवा आणि पाढे चुकवायला सांगा. मग बघा.

आधी वडील गेले तर

शिकलेल्या, कमावत्या बाईच्याही बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसलं जातं, आणि ज्या बाईनं हजार मुलींना वाचायला शिकवलं ती हळदीकुंकवाला मागच्या खोलीत बसते. हे आपल्या जिल्ह्यानंच थांबवायला सुरुवात केली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी तो आदर्श घ्यावा असं परिपत्रक काढलं.

पण ठराव घरात आपोआप येत नाही. त्या दिवशी घरात माणसं जमलेली असतात, एखादी थोरली बाई पुढं होते आणि हात धरते. तेवढ्यात बोलायचं कुणी, हे आधीच ठरवून ठेवा. थोरल्या सुनेनं किंवा लेकीनं आईच्या शेजारी बसायचं, उठायचंच नाही, आणि कुणी पुढं आलं तर एवढंच म्हणायचं: 'हेरवाडनं बंद केलंय, आमच्यातही बंद.' वाद घालू नका, कारणं देऊ नका. पुढच्या संक्रांतीला पहिलं वाण आईच्या हातानं लुटा. भाविक बाईला पुरोगामी भाषण नको असतं. तिला अंबाबाईची ओटी पूर्वीसारखी भरता आली पाहिजे. तिला सोबत न्या आणि ओटी तिच्याच हातात द्या.

शेवटचं पाणी

यंत्रावर ठेवायचं की नाही, हे तिलाच विचारा, तेही ती धडधाकट असताना. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. एवढं करायचं नसेल तर निदान वहीत एक ओळ हवी. भाविक माणसं यावर आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतात. आईनं सांगितलं होतं, 'नळ्या घालून मला नामस्मरण करता येणार नाही.' पुढं कुणाला काही ठरवावं लागलं नाही.

दवाखान्यातून घरी आणलंत तर दोन-तीन गोष्टी पाळा. दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली मऊ घडी ठेवून टाच अधांतरी ठेवा. घास उतरेना झाला की जबरदस्ती करू नका. शरीर मागत नसतं. आणि गंगाजल बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्यानं ओतू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनळीत जातं, छाती भरते, आणि शेवटचे तास धापेचे होतात. तुळशीपत्र पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवा, कापसानं जीभ ओली करा. पुण्य तेवढंच आणि त्रास नाही.

ऐकू येतं असं धरूनच तिच्याजवळ बोला. उशाशी ठेवींचं बोलणं नको. हरिपाठ म्हणा, सगळा येत नसेल तर वाचा. अडखळलात तर अडखळा. तिनं आयुष्यभर अडखळणाऱ्यांनाच वाचायला शिकवलं.

पहिले सहा तास

डोळे द्यायचे असतील तर सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, नेत्रपेढीला फोन करा. चष्मा होता, मोतीबिंदू काढलाय, साखर होती, तरी डोळे चालतात. देहदान करायचं असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज तिनं आधी भरलेला बरा, आणि त्यावर सही करणारा वारस त्या दिवशी डगमगणारा नसावा. देवभोळ्या बाया याला नाही म्हणतील असं गृहीत धरू नका. विचारा.

मृत्यू घरी झाला तर आधी डॉक्टर, मग नातेवाईक. मृत्यूचं कारण सांगणारा डॉक्टरांचा दाखला, नमुना ४अ, असल्याशिवाय पुढचं काही होत नाही. तिला अलीकडं तपासलेले, रात्री दार वाजवता येईल असे डॉक्टर म्हणूनच गल्लीत जोडून ठेवायचे असतात. पडून किंवा भाजून मृत्यू झाला असेल तर डॉक्टर दाखला देणार नाहीत. पोलिसांना कळवावं लागतं. तिथं कुणावर चिडू नका.

बाकीचं तालमीची पोरं बघतात. तिरडी, मडकं, गाडी, कुणाला काय कळवायचं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं; त्यांच्यातली निम्मी तिच्याच हाताखालून गेलेली असतात. महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. तिथं दहन होतं ते शेणींवर, आणि त्या शेणी गावातली मंडळं, तालमी होळीच्या सुमारास दान देतात. तुमच्याकडून काही घेतलं नाही म्हणून मोकळे होऊ नका. पुढच्या होळीला आईच्या नावानं शेणी पोचवा. पावसाळ्यात नदी वर आली असेल तर निघायच्या आधी चौकशी करा. पाणी शिरलं की कदमवाडी किंवा बापट कॅम्पकडं जावं लागतं.

अग्नी कोण देणार हेही तिलाच विचारलेलं असेल तर लेकीला पुढं होताना कुणाची परवानगी लागत नाही.

कागदांचे दिवस

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. उशीर झाला तर शुल्क, ३० दिवसांपुढं अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला छापण्याआधी नाव वाचून बघा, मराठीत आणि इंग्रजीतही, आधार समोर ठेवून. प्रती भरपूर काढा. बँक, विमा, पेन्शन, सिटी सर्व्हे, तलाठी, प्रत्येकाला एक लागते.

पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचं. त्यानंतर खात्यात जमा झालं तर परत जातं, म्हणून तिच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका, क्रियाकर्मासाठी सुद्धा नको. बँकेला आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला लगेच कळवा. वडील हयात असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच भेटीत द्या. घरात तिच्यावर अवलंबून असलेली विधवा किंवा अविवाहित लेक, किंवा अपंग मूल असेल तर त्यांच्यासाठीचा नियम तिथंच विचारून घ्या. शेतजमीन असेल तर वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडं.

पेपरातली चार ओळींची बातमी

'त्यांच्या पश्चात दोन मुले, मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता.' एवढ्यात बाईचं आयुष्य संपतं. त्याच चार ओळींत तिनं नोकरी केलेल्या गावांची नावं घाला. ती वाचून रक्षाविसर्जनाला कुठल्या कुठल्या वाडीवरून माणसं येतात, आणि आपल्याला ठाऊक नसलेली आई त्यांच्याकडून कळते. त्यांचं म्हणणं ऐकायला घरातलं एक माणूस मोकळं ठेवा.

रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा झाडाच्या मुळाशी घालणारी घरं आता वाढली आहेत. आईची हरकत नसेल तर तसं करा. पंचगंगेला आधीच पुष्कळ झालंय. चौकात मोठा डिजिटल फलक लावण्याचे पैसे वाचवा. हारांऐवजी वह्या आणा, असं निरोपातच सांगा, आणि त्या वह्या तिच्या पहिल्या शाळेत पोचवा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं तेव्हापासून हे गाव वसतिगृहांचं आहे. बाराव्याचं एक जेवण एखाद्या वसतिगृहात घाला. जमत असेल तर तिच्या नावानं ठेव ठेवून व्याजातून दर वर्षी एका मुलीची फी भरा. ठेवीची पावती भावंडांपैकी एकाच्या नव्हे, संस्थेच्या नावानं करा.

सुरुवात कशी करावी

हे वाचून आज रात्रीच मृत्युपत्राचा विषय काढू नका. आधी तिच्या पहिल्या शाळेचं नाव विचारा. गावापर्यंत एसटी कुठवर जायची, पुढं किती चालावं लागायचं, पहिला पगार किती, तो कुणाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी नवसांचं पान लिहा आणि त्यातला एक तरी त्याच आठवड्यात फेडा. बँकेचं पासबुक तिसऱ्या दिवशी. तोवर बहुतेक ती स्वतःच म्हणेल, 'कपाटातली ती पिशवी काढ, तुला सगळं एकदा दाखवून ठेवते.' नाही म्हणाली तर आठवडाभर थांबा आणि पुन्हा पहिल्या शाळेपासून सुरू करा.